घरच्या घरी नाचाचे संगीत

तुळशीचे लग्न लागले की आपल्या बुलढाणा जिल्ह्यात लग्नसराई सुरू होते. मेहकर असो, चिखली असो, की सातपुड्याच्या पायथ्याचे जळगाव जामोद असो, संध्याकाळी कोठे ना कोठे वरात निघतेच. पुढे टेम्पो, त्यावर माणसाच्या उंचीची खोकी, त्या खोक्यांतून येणारा धडधडाट, आणि त्यापुढे घामाघूम होऊन नाचणारी पोरे. खिडक्यांची तावदाने थरथरतात, गोठ्यातली जनावरे दावे ओढतात, म्हातारी माणसे कानांवर हात ठेवतात. या सगळ्या प्रकाराला आपण एकच नाव देऊन ठेवले आहे, आणि ते म्हणजे 'डीजे'.

या डीजेविषयी तक्रार करणे सोपे आहे. थोडी तक्रार मीही शेवटी करणार आहे. पण त्याआधी एक साधा प्रश्न विचारू. हे संगीत तयार कसे होते? कोण तयार करतो? आणि आपल्या गावातल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला ते घरी बसून रचता येईल का? शिक्षक बंधुभगिनींना हा प्रश्न आज ना उद्या वर्गात विचारला जाणारच आहे. त्याचे उत्तर 'अभ्यास कर आधी' एवढेच असू नये, म्हणून हा प्रपंच. मी स्वतः मराठी शिकवतो, थोडीफार पेटी वाजवतो. या विषयात जे शिकलो ते बरेचसे माझ्या एका विद्यार्थ्याकडून शिकलो, हे आधीच कबूल करतो. त्याची हकीकत पुढे येईल.

प्रथम शब्दांचा घोळ मिटवू. डीजे म्हणजे 'डिस्क जॉकी', तबकड्या वाजवणारा माणूस. आपल्याकडे मात्र खोक्यांचा मालक, गाणी लावणारा आणि गाणे रचणारा या तिघांनाही आपण एकाच नावाने हाक मारतो. वास्तविक हे तीन निराळे उद्योग आहेत. पहिल्याला भांडवल लागते, दुसऱ्याला लोकांची नस ओळखावी लागते, आणि तिसऱ्याला संगीत समजावे लागते. आज आपण तिसऱ्याविषयी बोलणार आहोत. तो जे रचतो त्याला इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत म्हणतात. म्हणजे काय? तर नाचण्यासाठी रचलेले, आणि ज्यातले बहुतेक सूर-ताल कातड्याने, तारेने किंवा फुंकरीने नव्हे, तर विजेच्या साहाय्याने उत्पन्न केलेले आहेत असे संगीत.

यात जादू काही नाही. आवाज म्हणजे हवेची थरथर. तबल्याचे कातडे थरथरले की हवा थरथरते. तसाच विजेचा प्रवाह ठरावीक वेगाने कमीजास्त केला आणि तो खोक्यातल्या पडद्याला दिला, की पडदा थरथरतो आणि सूर निघतो. सेकंदाला साधारण २० थरथरींपासून २०,००० पर्यंतचा आवाज माणसाच्या कानाला ऐकू येतो. वरातीत छातीत धडधडते ते ५०–६० थरथरींचे काम. झांजेची किणकिण हजारोंच्या घरातली. संगणक हे सगळे आकड्यांत लिहून ठेवतो. एका सेकंदाच्या संगीतासाठी सीडीवर ४४,१०० वेळा मोजमाप नोंदलेले असते. एवढे आकडे हाताने लिहायचे नसतात. ते यंत्र करते. आपण फक्त कोणता आवाज, केव्हा आणि किती मोठा, एवढे सांगायचे.

हा प्रकार परदेशातून आला आणि आपण नुसते ऐकत बसलो, असेही समजू नका. अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेत, म्हणजे एनआयडीत, १९६९ साली 'मूग' नावाचे सूरयंत्र बसवले गेले आणि तेथे भारतीय मंडळींनी त्यावर प्रयोग करून ध्वनिफिती तयार केल्या. पुढे जपानच्या रोलँड कंपनीने १९८० च्या सुमारास दोन लहान यंत्रे बाजारात आणली. एक टीआर-८०८, ताल धरणारे. दुसरे टीबी-३०३, खालच्या पट्टीतले सूर वाजवणारे. दुसरे यंत्र गिटारवाल्याला सरावासाठी साथ करावी म्हणून बनवले होते. त्या कामी ते फारसे खपले नाही आणि १९८४ मध्ये बंद पडले. परंतु अमेरिकेतल्या शिकागो शहरात गरीब वस्तीतल्या तरुणांनी ही जुनी यंत्रे स्वस्तात घेतली आणि त्यांतून नाचाचे नवे संगीत काढले. त्यालाच 'हाउस' म्हणतात. 

याच यंत्रांची एक कथा मुंबईत घडली. चरणजित सिंग नावाचे हिंदी चित्रपटसंगीतातले एक वादक होते. डिस्कोची हवा होती. त्यांनी ही दोन यंत्रे आणि एक मोठे सूरयंत्र घेतले आणि १९८२ साली डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग बसवले. भैरव, ललत, भूप, तोडी, यमन, मालकंस वगैरे. तबकडी निघाली, पण कोणी विचारले नाही. अठ्ठावीस वर्षांनी, २०१० मध्ये, ती परदेशात पुन्हा प्रसिद्ध झाली तेव्हा तिकडचे जाणकार चकित झाले. कारण शिकागोतले 'अॅसिड हाउस' १९८७ च्या सुमारास नावारूपाला आले, आणि हे मुंबईचे काम त्याच्याही आधीचे होते. सिंग २०१५ साली मुंबईत वारले. सांगण्याचा हेतू एवढाच की, राग आणि यंत्र यांचे वैर नाही, आणि चांगल्या कामाला ओळख मिळायला कधीकधी फार उशीर होतो. तेवढी तयारी ठेवूनच या वाटेला लागावे.

आता कामाचे बोलू. घरी काय लागते?

एक संगणक. अगदी नवा नको. चार जीबी स्मरणशक्तीचा, कोणी वापरून ठेवलेला लॅपटॉपही सुरुवातीला पुरतो. 'एलएमएमएस' नावाची संगीतरचनेची प्रणाली फुकट मिळते आणि ती उघडपणे सर्वांना वापरायला दिलेली आहे. आवाज मुद्रित करण्यासाठी आणि कापाकापीसाठी 'ऑडॅसिटी', तीही फुकट. संगणक नसेल तर मोबाईलवर 'बँडलॅब' चालते. आपल्याकडचे डीजे बहुधा बेल्जियममधल्या कंपनीची 'एफएल स्टुडिओ' वापरतात. ती विकत घ्यावी लागते. चोरून उतरवलेली प्रत वापरू नका. एक तर ती चोरी आहे, आणि दुसरे म्हणजे अशा प्रतींबरोबर संगणकात रोग शिरतो. महिनाभराची मेहनत एका रात्रीत गेल्यावर मग कपाळाला हात लावण्यात अर्थ नाही.

दुसरी वस्तू म्हणजे कानाला लावायचे हेडफोन, आणि तेही वायरचे. बिनतारी हेडफोनमध्ये बोट दाबल्यावर आवाज क्षणभर उशिरा येतो. गाणे ऐकताना ते जाणवत नाही. ठेका धरताना मात्र सारा हिशेब चुकतो. एवढ्यावर भागते. मोठी खोकी नकोत, महागडी पेटी नको. आणि एक सवय हवी: दर पाच मिनिटांनी काम जपून ठेवण्याची, म्हणजे 'सेव्ह' करण्याची. आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, हे मी तुम्हांला काय सांगावे!

आता पहिला दिवस. एलएमएमएस उघडली की ठेक्याची एक खिडकी दिसते. तीत एका ओळीत सोळा चौकोन असतात. प्रत्येक ओळ एका वाद्याची. चौकोन उजळवला की तेथे आघात, रिकामा ठेवला की तेथे विश्रांती. माझ्यासारख्या मराठीच्या मास्तराला हे बघून पादाकुलकाची आठवण झाली. पादाकुलकाच्या चरणात सोळा मात्रा असतात, आठ आणि आठ. येथेही सोळाच. आपण फळ्यावर लघू-गुरूची चिन्हे मांडतो, तसेच येथे चौकोन मांडायचे. ज्याला मात्रा मोजता येतात त्याने हे काम अर्धे शिकलेच म्हणून समजा.

पहिल्या ओळीत मोठ्या ढोलाचा आवाज घ्या. त्याला 'किक' म्हणतात. १, ५, ९ आणि १३ हे चौकोन उजळवा. चालू करा. धम, धम, धम, धम. वरातीतला पाया हाच. दुसऱ्या ओळीत टाळीचा आवाज घ्या, तो ५ आणि १३ वर ठेवा. तिसऱ्या ओळीत झांजेचा बारीक आवाज, तो ३, ७, ११ आणि १५ वर. म्हणजे दोन धमांच्या बरोबर मध्ये एकेक 'चिक्'. बस्स, झाला ठेका. ऐकून बघा, पाय हलतो की नाही ते. पाय हलला तर पुढे जा.

आता गती. ती मिनिटाला किती ठोके, अशी मोजतात. या प्रकारच्या संगीतात ती साधारण १२० ते १३० असते. आपण १२० धरू. म्हणजे एक ठोका अर्ध्या सेकंदाचा. चार ठोक्यांचे एक आवर्तन दोन सेकंदांचे. आठ आवर्तनांचा एक खंड केला तर तो सोळा सेकंदांचा. असे बारा खंड एकापुढे एक मांडले की १९२ सेकंद, म्हणजे तीन मिनिटे बारा सेकंदांचे पुरे गाणे. पाचवीच्या मुलाला जमेल असे हे गणित आहे, आणि गणिताच्या शिक्षकांनी ते वर्गात जरूर घालावे.

दुसऱ्या दिवशी खालचे सूर घ्या. याला 'बेस' म्हणतात. येथे नवशिके नेहमी एक चूक करतात. ढोल आणि बेस दोन्ही एकाच क्षणी, एकाच पट्टीत, पूर्ण जोराने वाजवतात. मग दोन्ही एकमेकांवर चढतात आणि नुसता घुमघुमाट होतो. अरुंद दारातून दोन बैल एकदम घालण्यासारखे आहे ते. म्हणून ढोल ज्या चौकोनांवर आहे ते सोडून मधल्या चौकोनांवर बेस ठेवून बघा. एक आत जातो, दुसरा बाहेर येतो. त्यातूनच तो झोका तयार होतो, ज्यावर माणूस नाचतो.

तिसऱ्या दिवशी चाल. येथे अनेकजण घाबरतात, की आपल्याला संगीत येत नाही. त्यांच्यासाठी एक सोपी युक्ती सांगतो. पडद्यावर पेटीच्या पट्ट्या दिसतात. त्यांतल्या पांढऱ्या सोडून द्या. फक्त काळ्या वापरा. काळी तीनला सा धरा. मग सा, रे, ग, प, ध हे पाच स्वर हाताखाली येतात, म्हणजेच भूपाचे स्वर. या पाचांत कोणताही स्वर कोणत्याही स्वराशी फारसे भांडत नाही. चार-पाच स्वरांचा लहानसा तुकडा करा, तो आवर्तनभर वाजवा आणि पुन्हा पुन्हा येऊ द्या. भूप शास्त्रशुद्ध झाला असे मी म्हणत नाही. त्याला चलन लागते, गुरू लागतो. पण भीती जाते, आणि सुरुवातीला तेच महत्त्वाचे.

आता मांडणी. सगळी वाद्ये पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत वाजवली तर ऐकणारा दोन मिनिटांत कंटाळतो. आपले भजनी मंडळ काय करते ते आठवा. आधी नुसती वीणा. मग बुवा एकटे चरण म्हणतात. मग टाळ हळूच मिळतात, पखवाज येतो, लय चढते, सगळे उभे राहतात. आणि एकदम सगळे थांबून बुवांचा एकट्याचा आवाज येतो. त्या एका क्षणात अंगावर काटा येतो. मग पुन्हा सगळे टाळ एकदम! इलेक्ट्रॉनिक संगीतवाले यालाच 'ब्रेक' आणि 'ड्रॉप' म्हणतात आणि फार मोठा शोध लावल्यासारखे सांगतात. शेगावच्या वाटेवर चालणाऱ्या दिंडीला ते कधीचे ठाऊक आहे. तेव्हा आपल्या बारा खंडांपैकी पहिल्यात फक्त ढोल, दुसऱ्यात झांज मिळवा, तिसऱ्यात बेस, चौथ्यात-पाचव्यात चाल. सहाव्यात ढोल पूर्ण काढून घ्या. सातव्यात सगळे एकत्र आणा. शेवटच्या दोन खंडांत एकेक वाद्य कमी करत थांबा. हा नियम नव्हे, पहिली पायवाट आहे.

येथवर आलात म्हणजे एक गाणे झाले. पण ते जगातल्या कोणत्याही गावचे असू शकेल. त्यात बुलढाणा कोठे आहे? या प्रश्नापाशीच माझ्या विद्यार्थ्याची हकीकत येते.

तो माझ्याच गावचा, मेहकर तालुक्यातला. वडील डफडे वाजवणारे, आजोबाही तेच. डीजे आल्यापासून डफड्याला बोलावणे जवळजवळ बंद झाले. मुलगा बीएला होता आणि रात्री एका डीजेवाल्यासाठी चित्रपटातल्या गाण्यांचे तुकडे जोडून देत असे. मध्येच डीजेच्या नावाची आरोळी, खाली धडधड. तुकड्यामागे थोडे पैसे मिळत. मला ते कळले तेव्हा मी त्याला चार मुलांदेखत उपदेश केला, "अरे, तुझ्या घरात डफडे आहे. ते सोडून तू दुसऱ्यांची गाणी काय कापत बसलास? आपली परंपरा राखावी."

तो तेव्हा गप्प राहिला. संध्याकाळी एकटा भेटला आणि म्हणाला, "सर, परंपरा राखायला आम्हालाच सांगतात. तुमच्या ताईच्या लग्नात माझ्या बापानं दोन दिवस वाजवलं. त्याला जेवायला कुठं बसवलं होतं, आठवते का तुम्हाले?"

मला आठवत होते. कुंपणाबाहेर, शेवटची पंगत उठल्यानंतर. 

मित्रहो, गावाने वाद्य आत घेतले आणि वादकाला बाहेर ठेवले, हा आपल्या लोकसंगीताच्या इतिहासाचा भाग आहे. १९५६ साली नागपूरला धम्मदीक्षा झाल्यानंतर अनेक घरांनी असली परंपरेने लादलेली कामे निश्चयाने सोडली, त्यात वाजवण्याचे कामही होते. त्यांनी कला टाकली असे म्हणून हळहळणे सोपे आहे. त्यांनी अपमान टाकला होता. म्हणून लोकवाद्यांचे गोडवे गाताना आपण कोणाला काय सांगत आहोत, याचा विचार प्रथम करावा. तो मी केला नव्हता.

दोनेक महिन्यांनी मुलगा आपण होऊन आला. वडिलांचे वाजवणे मुद्रित करून त्यावर गाणे रचायचे त्याच्या मनात होते. पण त्याच्या दोन अटी होत्या. गाण्यावर वडिलांचे नाव आधी येईल. आणि गाण्याचे काही पैसे झाले तर अर्धे वडिलांचे. मला अट घालण्याचा अधिकार नव्हताच. मी फक्त जागा देऊ केली.

जागा कोणती? आमच्या घरची कापसाची खोली. मुद्रणाला एक अडचण नेहमी येते. रिकाम्या खोलीत आवाज भिंतींवर आपटून परत येतो आणि सगळे घुमते. शहरातले लोक त्यासाठी भिंतींना महागडे फोम लावतात. कापसाने अर्धी भरलेली खोली फुकटात तेच काम करते. आवाज कापसात मुरतो. कापूस नसेल तर दोरीवर चार गोधड्या टाकाव्यात. मोबाईल डफड्यापासून तीन-चार हात दूर, उशीवर ठेवला. जवळ ठेवला तर आवाज फाटतो.

मुलाने लगेच सुरुवात करायची म्हटली, तर वडील म्हणाले, "थांब. आधी शेकू दे. थंडं डफडं बोलत नाही." कातडे शेकले म्हणजे ताणले जाते आणि सूर चढतो. ते काम अर्थात दूर अंगणात केले. कापसाजवळ जाळ नेण्याची चूक कोणी करू नये. मग त्यांनी वाजवले. वरातीचे, देवाचे, बैलपोळ्याचे ठेके, तासभर. प्रत्येक ठेका निराळा. माझे चाळीस वर्षांचे कान, पण तो फरक मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. दुपारी सगळे एका पंगतीला जेवलो. हे फार आधी व्हायला हवे होते, एवढेच म्हणतो.

खरी शिकवणी पुढे होती. संगणकाची गती घड्याळासारखी पक्की. माणसाची तशी नसते. वाजवताना वडिलांची लय ११२ वरून हळूहळू ११८ वर गेली होती. मुलाने प्रथम एकेक आघात कापून सोळा चौकोनांत नेमका बसवला. गणित बरोबर, पण डफडे मेले. टाइपरायटरसारखे वाजू लागले. दुसऱ्या खेपेस त्याने निराळे केले. आघात कापायचे नाहीत. पूर्ण आवर्तने कापायची. प्रत्येक आवर्तनाची फक्त सम ढोलाच्या पहिल्या ठोक्याशी जुळवायची, आणि आतले आघात वडिलांनी जेथे टाकले तेथेच राहू द्यायचे. थोडे पुढे, थोडे मागे. तेव्हा ते जिवंत झाले. घरी हाच प्रयोग करायचा तर ऑडॅसिटीत मुद्रण करा, आवर्तने कापा, प्रत्येक तुकडा निराळ्या नावाने ठेवा, आणि एलएमएमएसमध्ये आणून बसवा. एलएमएमएसमध्ये थेट मुद्रण करण्याची सोय नाही, म्हणून हा दोन पायऱ्यांचा मार्ग.

डफडेच असले पाहिजे असे नाही. जात्याची घरघर, भुलाबाईच्या गाण्यातल्या टाळ्या, संबळ, दिंडीचे टाळ, अगदी मळणीयंत्राची लयसुद्धा चालेल. पण माणसाचा आवाज किंवा वाजवणे घेतले तर त्याला विचारून घ्या, त्याचे नाव द्या, आणि पैशाचे आधीच बोला.

गाणे जुळले की आवाजांचा समतोल साधावा. याला 'मिक्सिंग' म्हणतात. तीन गोष्टी ध्यानात ठेवल्या तरी पुष्कळ. पहिली: संगणकात आवाजाची वरची हद्द शून्य डेसिबल. तिच्यापलीकडे गेलेला आवाज कापला जातो आणि चरचर येते. म्हणून काटा हद्दीच्या पाच-सहा डेसिबल खालीच राहू द्या. दुसरी: ढोल आणि बेस सोडून इतर वाद्यांतला १०० थरथरींखालचा भाग गाळून टाका, गाळणीने चहा गाळावा तसा. गाणे स्वच्छ होते. तिसरी: झालेले गाणे हेडफोनवर, मग साध्या मोबाईलवर, मग शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरमध्ये ऐका. तिन्ही ठिकाणी चाल ओळखू आली तर काम झाले.

आता कायद्याचे दोन शब्द. दुसऱ्याच्या गाण्याचे तुकडे जोडणे हा शिकण्याचा एक मार्ग आहे. पण ते गाणे आपले म्हणून प्रसिद्ध करता येत नाही. आपल्याकडे १९५७ चा प्रताधिकार कायदा आहे. संगीतकाराचा हक्क त्याच्या हयातीत आणि निधनानंतर ६० वर्षे राहतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे. स्वतः रचलेल्या गाण्याला ही भीती नाही. उलट तोच कायदा तुमचे रक्षण करतो.

आणि शेवटी ती तक्रार, जी मी राखून ठेवली होती. संगीत मोठ्याने लावले म्हणजे चांगले होत नाही. कानाचा हिशेब ऐका. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास सोसता येतो, असे कामगारांच्या आरोग्याचे एक प्रचलित माप सांगते. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करायचा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, आणि १०० ला फक्त पंधरा मिनिटे. वरातीतल्या खोक्यांपुढचा आवाज त्याच्याही वर जातो. आतल्या कानातल्या बारीक केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. ते शेतातले तण नव्हे, की उपटले तरी परत यावे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ध्वनिवर्धकाला मनाई. सणांसाठी सरकार वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सवलत देऊ शकते, तेवढीच. जो स्वतः संगीत रचतो, त्याचे कान हेच त्याचे भांडवल. म्हणून घरीसुद्धा हेडफोन हळू लावा, आणि तासाभराने दहा मिनिटे कान मोकळे ठेवा.

शिक्षक मित्रांना एक विनंती. शाळेत संगणक असेल तर शनिवारी एक तास या कामाला द्या. एका गटाने गावातले आवाज गोळा करावेत, दुसऱ्याने ठेका मांडावा, तिसऱ्याने वाजवणाऱ्या माणसाची माहिती लिहावी. भाषा, गणित, विज्ञान आणि संगीत, चारही विषय एका तासात येतात. मुलींना मागे बसवू नका. चौकोन उजळवायला मिशा लागत नाहीत.

माझ्या विद्यार्थ्याचे गाणे साडेतीन मिनिटांचे झाले. त्याने फार पैसे मिळाले असे नाही. पण गेल्या उन्हाळ्यात गावातल्या एका लग्नात ते वाजले, बेताच्या आवाजात. गाण्याआधी रचनाकारांची नावे सांगितली गेली. पहिले नाव वडिलांचे. ते मांडवात, खुर्चीवर बसले होते. बाजूच्या पोराने विचारले, "बाबा, हे तुम्हीच वाजवलं का?" ते म्हणाले, "हो. पण शेकायला अजून थोडं पाहिजे होतं."

तर मित्रहो, सोळा चौकोन तुमची वाट बघत आहेत. आज रात्री चार उजळवा. उद्या चार. आणि गावात ज्याला ठेका येतो त्याच्याकडे एकदा जाऊन या. जाताना मोबाईल घेऊन जा, आणि त्याला आधी घरात बोलावण्याची तयारीही घेऊन जा.